घोड्याच्या घरातलं प्यादं

प्रिय आई,

आज दुपारी कुरिअरवाला प्रुफांचा गठ्ठा दारात ठेवून गेला. गडाच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. वर चिठ्ठी आहे : शुक्रवारपर्यंत परत पाठवा, फक्त छपाईच्या चुका बघा, मजकुराला हात लावू नका. मी गठ्ठा सोडला आणि सगळं बाजूला सारून बुद्धिबळाचं प्रकरण काढलं. वाचलं. लाल पेन खाली ठेवलं. दोन तास झाले, ते तिथेच पडून आहे. मग हे निळं पेन घेतलं आणि तुला लिहायला बसले.

तुला जाऊन चार महिने झाले. "एवढी लिहितेस, आईवर काही लिहिलं नाहीस?" असं चार जणांनी तरी विचारलं. काय सांगायचं त्यांना? दमले होते गं. अजूनही दमलेलीच आहे. दोन वर्षं तुझ्यामागे उठबस करून आलेला शीण झोपून जाईल असं वाटलं होतं, तो काही जात नाही. सकाळी उठते तीच दमलेली. आणि लिहायला बसलं की तुझ्या आजारपणाचंच आठवायचं. आज पहिल्यांदा त्याच्या आधीची तू आठवलीस.

विक्रोळीच्या चाळीतली. गॅलरीत मशीन टाकून ब्लाउज शिवणारी. शेजारी पाटावर तुझा तो पट : ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचा, एक चौकोन मरून, एक पांढरा, चौसष्ट तुकडे जोडून शिवलेला. एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. रिळाला पण तू हत्तीच म्हणायचीस. मी लहानपणी विचारलं होतं, "आई, याला सोंड कुठाय?" तर म्हणालीस, "खेळताना सोंड लागत नाही, चेडवा. सरळ चालता आलं की झालं."

हा खेळ तुला आजोबांनी, तुझ्या वडिलांनी, दिला. मिलमधून आले की जेवायच्या आधी एक डाव. ते सावंतवाडीकडून येताना जे नियम घेऊन आले, तेच तुझे नियम. प्यादं पहिल्या चालीला पण एकच घर जाणार. राजाला शह बसेपर्यंत एकदाच घोड्यासारखी उडी. आणि सगळ्यात मानाची मात म्हणजे प्यादेमात, साध्या प्याद्याने राजाला मारायचं. वजिराने मात दिली तर कोणी मान वर करून बघायचं नाही. प्यादेमात झाली की अख्खी गॅलरी गोळा व्हायची, कारण चाळीचा कायदा होता : प्यादेमात खाल्ली त्याने स्वतःच्या हाताने चहा करून जिंकणाऱ्याला द्यायचा. बायकोने केलेला चालायचा नाही.

तू सोळा वर्षांची असताना तुकामामांना प्यादेमात दिलीस. तुकामामा म्हणजे तीन खोल्या सोडून राहणारा, कारखान्यातला तरुण फिटर, चाळीत एकाकडूनही न हरलेला. त्याने भर गॅलरीत स्टो पेटवला, दूध उतू घालवलं, बोट भाजलं आणि तुला कप आणून दिला. "साखर कमी आहे," म्हणालीस म्हणे! हा किस्सा तू मला इतक्यांदा सांगितलास, की त्या उतू गेलेल्या दुधाचा वासही मला आठवतो. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

तो डाव तुला पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत पाठ होता. लोकांना अभंग पाठ असतात, तुला डाव.

म्हणून तर मी तुझ्याकडे आले. बोरिवलीच्या आपल्या घरात, तू माझ्याकडे राहायला आल्यानंतरच्या वर्षी. मी गडाची कादंबरी लिहीत होते. वेढा पडलाय, धान्य संपत आलंय, शत्रूचा वकील बोलणी करायला आलाय आणि किल्लेदार त्याच्याशी बुद्धिबळ खेळत दिवस ढकलतोय. मला एक खराखुरा डाव हवा होता. तू जेवणाच्या टेबलावर पट पसरलास आणि मी वहीत चाली उतरवत गेले.

तेव्हा मी पुष्कळ वाचत होते. बुद्धिबळ आपल्याकडून हत्ती, घोडे, पायदळ घेऊन इराणात कसं गेलं, तिथून आणखी पलीकडे. तुला वाचून दाखवायचे. आपला वजीर युरोपात जाऊन राणी झाला, हे सांगितलं तेव्हा तू शेंगा सोलत होतीस.

"म्हणजे वजिराची बाई झाली?"

"हो."

"मग बरं झालं. बाईला चारी बाजूंनी हिंडायला तरी मिळालं!"

मी हसले, वहीत लिहूनही घेतलं. तू मात्र शेंगा सोलता सोलता विचारलंस, "आणि माझा डाव कोण जिंकणार तुझ्या पुस्तकात?"

"किल्लेदार."

"तो मिशीवाला? माझा डाव त्याला दिलास?"

"अगं, त्या काळात गडावर वकिलासमोर बाई कशी खेळायला बसेल?"

"चाळीत तरी कुठे बसायची?" एवढंच म्हणालीस आणि टरफलं गोळा करून उठलीस. मला वाटलं गंमत करतेयस. गंमतच होती ना? का नव्हती?

डावाचा शेवट तू असा सांगितलास : तुझा एक घोडा आधीच मेलेला. एक प्यादं मारत मारत घोड्याच्या ओळीत आलं, शेवटच्या घरात पोचलं आणि तिथे घोडा झालं. मेलेला घोडा परत आला. त्या घोड्याने राजाची पळायची वाट रोखली आणि शेजारच्या दुसऱ्या प्याद्याने मात दिली.

सानिका शेजारीच फोनवर खेळत बसली होती. बारा वर्षांची तुझी नात, शाळेच्या बुद्धिबळ वर्गात जाणारी. ती म्हणाली, "आजी, घोडा कोण घेतं? क्वीन होते. म्हणजे वजीर. शेवटच्या घरात गेलं की सगळे वजीरच घेतात ना!"

"आमच्याकडे नाही. ज्याच्या घरात जाईल ते होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा."

"असा रूलच नाहीये, आजी. हे बघ." तिने फोन पुढे केला. त्यावर नियम होते, आणि त्यात तुझा नियम नव्हता.

मी तुझ्याकडे बघितलं. त्या महिन्यात तू दोनदा गॅस चालू ठेवला होतास. सानिकाला एकदा माझ्या नावाने हाक मारली होतीस, एकदा मावशीच्या. बाजारातून येताना आपली सोसायटी सोडून पुढे चालत गेली होतीस, वॉचमनने परत आणलं. मी आधीच घाबरलेली होते. मला वाटलं, झालं. हेही चाललं.

"आई, नीट आठव. वजीर असेल."

"घोडा गं! वजीर झाला तर वजीरच मात देईल. मग प्यादेमात कशी होणार? मग तुक्याने चहा कशाचा केला?" तुझा आवाज चढला होता. आणि मग हळू म्हणालीस, "तुक्यालाच विचार हवं तर."

"हो हो, विचारते," मी म्हटलं.

नाही विचारलं, आई. एक फोन. विक्रोळीला एक फोन करायचा होता. बोरिवलीहून विक्रोळी काय परदेश आहे? पण प्रकाशकांची तारीख होती, तुझ्या तपासण्या होत्या, सानिकाची परीक्षा होती, आणि मुळात मला विचारायची गरजच वाटली नव्हती. मी वहीत घोडा खोडला आणि वजीर लिहिला. प्यादेमात हा शब्दही काढला. कादंबरीत वजीर झाला, वजिराने मात दिली, किल्लेदार जिंकला. वाचकांना आवडलं. कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं मी आजवर टाळत आले.

त्यानंतरच्या आठवड्यात आपण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुला घड्याळ काढायला सांगितलं, तू काढलंस. शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तू थोडी अडखळलीस. मग त्यांनी मला विचारलं, "घरी अजून काही जाणवतंय?" आणि मी गॅसचं सांगितलं, नावांचं सांगितलं, आणि म्हटलं, "आयुष्यभर बुद्धिबळ खेळली हो ती. आता त्याचेही नियम विसरायला लागलीय. स्वतःचे काहीतरी बनवून सांगते."

तू शेजारच्या खुर्चीत होतीस. पर्स मांडीवर धरून. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. तू त्या कागदाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मला वाटलं तू भांडशील. निदान "गप गो" म्हणशील. तू म्हणालीस, "असेल बाई. मलाच आठवत नसेल."

घरी आल्यावर तू पट दुमडलास, सोंगट्यांसकट डालड्याच्या जुन्या डब्यात भरलास आणि डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला मलाच दिलास. "माझा हात पोचत नाही," म्हणालीस. सानिका पुढे किती वेळा म्हणाली, "आजी, एक डाव." तुझं एकच, "मला येत नाही आता." मला तेव्हा हायसंच वाटलं होतं गं. म्हटलं, बरं, आता चुकलं की तिला वाईट वाटायला नको!

पुस्तक आलं तेव्हा तू ते वाचलंस. रोज थोडं, ओळीखाली बोट धरून. बुद्धिबळाच्या पानावर बोट थांबलं, हे मी स्वयंपाकघरातून पाहिलं. मी आत आले नाही. संध्याकाळी तू म्हणालीस, "छान लिहिलंयस," आणि पुस्तक उशाशी ठेवलंस. तू काही म्हणायला हवं होतंस! तुझं हेच मला कधी आवडलं नाही. ब्लाउजचा गळा एक बोट चुकला तर गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालायचीस आणि माझ्यापुढे मात गप्प. का? मी शिकलेली म्हणून? की तुझाही स्वतःवरचा विश्वास तोवर उडाला होता?

मागच्या महिन्यात मी पवईवरून जाणाऱ्या बसने विक्रोळीला गेले. तुकामामांना तू गेल्याचं फोनवर कळवलं होतं, पण त्यांच्याने बाराव्याला यायला झालं नाही, गुडघे गेलेत त्यांचे. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीच्या जागी इमारत झालीय, ते तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे असतात. जाताना कादंबरी घेऊन गेले. त्यात तुमचा डाव आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा चढवला, पलंगाखालून पट काढला आणि पुस्तक शेजारी ठेवून एकेक चाल मांडू लागले. बोट ओळीखाली, अगदी तुझ्यासारखं. शेवटाला आले आणि थांबले.

"ह्या कोणी लिवला गो?"

"मी, मामा."

"वजीर खंय इलो हडे? प्यादा घोड्याच्या घरात गेला तर घोडोच होतलो. तुझ्या आवशीन सांगूक नाय तुका?"

वजीर इथे आलाच कुठून, आईने तुला सांगितलं नाही का, असं ते मलाच विचारत होते. मी विचारलं, "नक्की, मामा? तुम्हाला आठवतंय?"

ते हसले. दात नाहीत आता, पण हसू तेच. "आठवता? अरे, माका च्या करूक लावल्यान तिना सगळ्या गॅलरीसमोर! ह्या बोट बघ." आणि त्यांनी खरंच बोट पुढे केलं. डाग वगैरे काही नव्हता त्याच्यावर, साठ वर्षांनी कुठला राहणार? पण ते तो शोधत होते. मग माझ्या वतीनेच समजूत घालत म्हणाले, "आजकालच्या खेळात वजीरच करतत. तुका काय म्हायत असणार? पण तिका विचारूचा होता."

तिला विचारलं होतं, मामा. तिने सांगितलं होतं. मीच तिचं ऐकलं नाही. हे मी त्यांना नाही सांगू शकले. बसमध्ये रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही. नुसती बसून राहिले, आणि माझा स्टॉप मागे गेला.

घरी येऊन माझी जुनी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात टिपण होतं, ग्रंथालयात बसून केलेलं : पूर्वी प्रांताप्रांतात खेळाचे नियम निराळे असत. मी ते वाचलं होतं, उतरवलं होतं, खाली रेघ मारली होती! पुस्तकात असलं की इतिहास, आणि तुझ्या तोंडी असलं की आजार. असं कसं वाटलं मला? त्या काळातला खेळ खेळणारी बाई माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि मी तिला फोनवरचे नियम वाचून दाखवत होते.

खरं सांगते, तू पुढे सगळं विसरलीसच. मला, सानिकाला, जेवलीस की नाही ते. डॉक्टर चुकले नव्हते. माझं म्हणणं एवढंच, की तो नियम तू विसरली नव्हतीस. तुझ्याकडे जे शाबूत होतं, तेच मी पहिल्यांदा तुझ्याकडून काढून घेतलं. पट वर ठेवला नसता तर आजार थांबला असता, असं मी म्हणत नाही. पण आणखी सहा महिने, वर्षभर तू संध्याकाळी सानिकाला हरवलं असतंस ना? तिला तरी चहा करायला लावला असतास?

आणि ती चादर, आई. शेवटच्या दिवसांतली, निळ्या चौकड्यांची. तू पडल्या पडल्या तिच्यावर बोट सरकवायचीस. एका चौकड्यातून पुढच्या चौकड्यात. सांभाळणाऱ्या सुनीताताई म्हणाल्या, "यांना ती डिझाइन बघून अस्वस्थ होतंय वाटतं, साधी घाला." मी साधी घातली. तुझं बोट थांबलं. मला वाटलं, शांत झालीस. आता रोज आठवतं, की ते बोट एका वेळी एकच घर पुढे जायचं. कदाचित त्यात काहीही नसेल. कदाचित मीच आता जिथे तिथे पट बघतेय. तुला विचारायची सोय नाही.

मघाशी प्रकाशनातल्या बाईंना फोन केला. चांगल्या आहेत, समजूतदार आहेत.

"मॅडम, एक शब्द बदलायचा तर बदलू की. पण वजीर म्हटलं की वाचकाला पटकन कळतं. घोडा म्हटलं तर लोक म्हणतील लेखिकेला बुद्धिबळ येत नाही."

"म्हणू देत."

"आणि मग मात पण बदलणार?"

"हो. प्यादेमात. आणि खेळणारी व्यक्तीही."

"म्हणजे अख्खं प्रकरण?"

"शेवटची बारा पानं."

"मॅडम, मग शुक्रवार विसरा. प्रदर्शनाला पुस्तक मिळणार नाही, आधीच सांगते. तुम्ही दमलेल्या वाटता, दोन दिवस विचार करा ना. चाललंय की ते आहे तसं."

चाललंय की. हे दोन शब्द मला किती आवडायचे! दोन वर्षं मी त्यांच्यावरच काढली. फोन ठेवताना क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. लाल पेन उचलायचं, दोन काने-मात्रे दुरुस्त करायचे, गठ्ठा बांधायचा आणि झोपायचं. कोणाला कळणार होतं? तुकामामांशिवाय हा नियम माहीत असलेलं माणूसही मला आता माहीत नाही. आणि त्यामुळेच नाही जमलं. ते गेले की माझं पुस्तकच खरं ठरेल ना गं!

मी बाईंना परत फोन केला. प्रदर्शन राहू दे म्हटलं.

मग ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि एक गोष्ट दिसली. किल्लेदाराची विधवा बहीण आधीपासूनच त्या खोलीत आहे. मीच तिला आणलंय. पाण्याचा तांब्या हातात देऊन दाराशी उभं केलंय, आणि बारा पानं ती तशीच उभी आहे. डाव बघतेय. तिला आता फक्त तांब्या खाली ठेवून बसायचंय. किल्लेदार तापाने फणफणलेला असेल, वकील म्हणेल "डाव अर्धाच राहिला," आणि ती म्हणेल, "राहिला कसा? माझी चाल आहे." बघू या, त्या काळात कशी बसत नाही ते!

गडावर चहा नव्हता, त्यामुळे चाळीचा कायदा जरा बदलावा लागेल. हरलेला वकील स्वतःच्या हाताने विडा करून तिला देईल. "चुना जास्त झाला," असं ती म्हणेल. एवढं तुझं मी घेते.

सानिकाला सगळं सांगितलं. डॉक्टरांकडचंही. तिने स्टूल ओढून वरच्या खणातला डबा काढला. आता बाहेर पट पसरून बसलीय. "मम्मा, प्यादं आधी दोन घरं न्यायचं नाही ना? मग ओपनिंगची वाटच लागली," म्हणतेय. रिळाला काय म्हणायचं, ते मी तिला सांगितलंय.

तर आई, ती बारा पानं मी लिहिणार. या आठवड्यात नाही होणार कदाचित, हात जड झालेत, पण लिहिणार. प्यादं घोड्याच्या घरात जाईल आणि घोडाच होईल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहीन, की हा डाव माझ्या आईचा, विक्रोळीच्या गॅलरीत खेळलेला आणि जिंकलेला. पुस्तक आलं की पहिली प्रत तुकामामांकडे घेऊन जाईन. आणि त्या दिवशी सकाळी, सानिकालाही नाही, कोणालाच हात लावू न देता, मी माझ्या हाताने चहा करून तुझ्या फोटोपुढे ठेवीन. प्यादेमात मी खाल्लीय. कायदा तुझाच आहे.

साखर कमी वाटली तर या वेळी सांग. गप्प बसू नकोस.

तुझं चेडू,
वैजू